देहाचा नकाशा आणि तुलनेचा विवेक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. कुणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, की ते आधी विचारीत, "वाक्य कुठले?" वाक्य कळल्यावाचून अर्थ सांगायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. आजच्या विषयात तो दंडक मी स्वतः मोडला होता, म्हणून आरंभ त्या कबुलीने करतो.

महाविद्यालयात ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय शिकविताना मी फळ्यावर दोन रकाने आखीत असे. एका बाजूस योग्यांची चक्रे, दुसऱ्या बाजूस सूफींचे 'लतीफे', आणि मध्ये बरोबरीची चिन्हे. विद्यार्थी तो तक्ता आनंदाने उतरवून घेत. पुढे शहरातील एका वृद्ध सूफी गृहस्थांना मी तो मोठ्या हौसेने दाखविला. त्यांनी तर्जनी छातीच्या डाव्या बाजूस ठेवली, मग उजव्या, मग पुन्हा दोन्ही बाजूंस थोडी वर आणि शेवटी मधोमध. म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, आमचे दिवे एकाच खोलीत आहेत. आपण ते जिन्यावर मांडलेत." त्या एका वाक्याने माझा तक्ता पुसला गेला.

जिना कुठला, ते आधी पाहू. आज सर्वत्र परिचित असलेली षट्चक्रांची मांडणी मुख्यतः पूर्णानंद यांच्या १५७७ मधील 'षट्चक्रनिरूपण' या ग्रंथावरून आली. जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि ती जगभर गेली. मूलाधारापासून आज्ञेपर्यंत पाकळ्या अनुक्रमे चार, सहा, दहा, बारा, सोळा आणि दोन. बेरीज पन्नास होते, आणि वर्णमालेची अक्षरेही पन्नास मानलेली आहेत. प्रत्येक पाकळीवर एक अक्षर आहे. म्हणजे येथे देह ही वर्णमाला आहे, आणि कुंडलिनी एकेक अक्षर आपल्यात लीन करीत सहस्रारातील शिवाकडे चढते. भाषेच्या अध्यापकाला याहून मोहक कल्पना कोणती असणार?

परंतु हीच एक मांडणी सर्वमान्य होती, असे नाही. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या 'सिद्धसिद्धान्तपद्धती'त चक्रे नऊ आहेत. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत पाकळ्यांची पद्धतशीर यादी नाही. मूळ गीतेत कुंडलिनीचे नावही नाही. ज्ञानदेवांनी ते आपल्या नाथपरंपरेतून आणले आणि तिच्या जागृतीचे, तिच्या भुकेचे, देह पालटण्याचे वर्णन केले. तेच ज्ञानदेव बाराव्या अध्यायात या वाटेचे कष्ट सांगून भक्तीचा सुलभ मार्ग पुढे ठेवतात, हेही विसरता येत नाही.

बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चक्रे चारच. नाभीशी चौसष्ट पाकळ्या, हृदयाशी आठ, कंठाशी सोळा, मस्तकात बत्तीस. नाभीतील अग्नी, ज्याला 'चंडाली' म्हणतात, प्रज्वलित होतो आणि त्याच्या उष्णतेने मस्तकातील बिंदू वितळून खाली स्रवतो. अखेर जे गवसायचे ते शून्यतेचे ज्ञान आहे. शिवाशी मीलन नव्हे.

आता ती एक खोली. शेख अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) यांच्या नक्शबंदी परंपरेत कल्ब, रूह, सिर्र, खफी आणि अख्फा हे पाच लतीफे छातीतच मानतात. साधन मुख्यतः मूक नामस्मरणाचे. लतीफ्यांचे मूळ देहापलीकडील ईश्वरी आज्ञेच्या लोकात आहे. साधनेने त्यांना त्या मूळ घराचे स्मरण व्हायचे असते. त्यांच्या कितीतरी आधी इराणातील अलाउद्दौला सिमनानी (१२६१–१३३६) यांनी सात लतीफे मानून प्रत्येकास एका पैगंबराशी जोडले होते, आदमपासून महंमदापर्यंत. पाकळीवर अक्षर असणे आणि अंतरात पैगंबर असणे, ही दोन निराळ्या वाक्यांतील पदे आहेत.

मग ही स्थाने प्रत्यक्षात आहेत की नाहीत? स्वामी दयानंद सरस्वतींनी आत्मकथनात सांगितले आहे की, नदीतून वाहत आलेले प्रेत चिरून त्यांनी चक्रे शोधली, आणि न मिळाल्याने ते ग्रंथ फाडून प्रेताबरोबर नदीत सोडले. उलट मुंबईच्या डॉ. वसंत रेळे यांनी १९२७ मध्ये कुंडलिनी म्हणजे एक विशिष्ट मज्जातंतू, असे प्रतिपादन केले. दोघांची निष्ठा वंदनीय आहे. परंतु ज्या गोष्टींची संख्या कुठे चार, कुठे सहा, कुठे नऊ भरते, त्यांना यकृत-प्लीहेसारखे अवयव समजणे कठीण. साधक त्या भावनेने देहात रचतो, आणि रचता रचता स्वतः बदलतो.

तर मग तुलना करूच नये काय? या ग्वाल्हेरात उभे राहून मी तसे कसे म्हणू? येथील हजीऱ्यात ज्यांची समाधी आहे, त्या महंमद गौस यांनी सोळाव्या शतकात 'अमृतकुंड' या योगग्रंथाच्या परंपरेतून फारसीत 'बह्र-उल-हयात' सिद्ध केला. त्यात गोरखनाथ म्हणजे खिज्र आणि मच्छिंद्रनाथ म्हणजे यूनुस पैगंबर, अशी ओळख करून दिली आहे. मत्स्याच्या उदरातील दोघे एकमेकांना भेटले! ही बरोबरी इतिहासाच्या कसोटीला उतरणार नाही. तरीही तिच्यामागे माझ्या तक्त्याहून फार मोठे कष्ट होते. त्यांनी आसने, श्वास, ध्यान समजून घेतले, आणि मग आपल्या भाषेत त्यांना जागा शोधली. मी केवळ नावे समोरासमोर मांडली होती.

साम्य आहेच. या परंपरांत देह वाचण्याजोगा आहे, गुरूवाचून वाचन होत नाही, आणि हृदयाला प्रत्येकीने स्थान दिले आहे. पण "शेवटी सारे एकच" असे घाईने म्हणणारा मनुष्य बहुधा दुसऱ्याचे ऐकण्याचे टाळीत असतो. वैर करणाराही ऐकत नाही, आणि असा स्नेह करणाराही नाही.

तानसेन समारोहाच्या प्रारंभी त्याच परिसरात ढोलीबुवा महाराजांच्या नाथपंथी मठाची हरिकथा होते आणि मीलादही होतो. हरिकथेचा मीलाद होत नाही, मीलादाची हरिकथा होत नाही. दोन्ही पूर्ण होतात, आणि ऐकणारे दोन्हींसाठी थांबतात. तुलनेचा याहून चांगला धडा मला कोणत्याही ग्रंथात मिळाला नाही.

गुरुजी आज असते, तर त्यांनी विचारले असते, "वाक्य कुठले?" त्या प्रश्नापुढे मी अजूनही विद्यार्थीच आहे.