स्वागताध्यक्षांचे भाषण

अध्यक्षमहाराज, देशोदेशींचे संशोधक आणि पुणेकर बंधुभगिनींनो,

पेशींना परस्परांशी व त्यांच्या अधिष्ठानाशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांची सूक्ष्मतम रचना उकलणाऱ्या या परिषदेचे स्वागत करण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी कृतार्थ आहे. या नगरीची पेशवाई आपण जाणताच; म्हणून ज्यांचे नाव आज थोड्यांच्याच ओठी आहे, त्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचे मी स्मरण करतो. मालवणात १८८४ साली जन्मलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञांना तरुणपणी सह्याद्रीच्या नद्या पालथ्या घालताना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. पुढे अभ्यासार्थ जर्मनीस गेले, तो महायुद्ध पेटून नजरकैद नशिबी आली. तरीही विद्या संपादून त्यांनी कलकत्त्यास दीर्घकाळ अध्यापन केले आणि निवृत्तीनंतर, विश्रांतीच्या वयात, १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली, जिची संशोधनसंस्था आज त्यांचेच नाव धारण करते. अशी माणसे गावाचे खरे वैभव होत.

त्या जेलीफिशची नाजूक छत्री प्रवाहात विस्कटत नाही, याचे श्रेय कॅडहेरिन व इंटिग्रिन या आपल्याच विषयाच्या कुळातील प्रथिनांना आहे, असे जाणकारांकडून कळल्यापासून मला ही परिषद परकी वाटत नाही. पेशीपटलातील इंटिग्रिन आणि आतील ॲक्टिनचे तंतू यांत जेमतेम चाळीस नॅनोमीटर अंतर असून त्यात प्रथिनांचे थर क्रमाने रचलेले असतात, हे २०१० साली दिसून आले. हे अंतर सांधणाऱ्या टॅलिनवर ताण येताच त्याच्या घड्या उलगडतात आणि व्हिन्क्युलिनला जोडले जाण्यास जागा मिळते, हे ऐकून मी थक्क झालो.

आमच्या बंदोबस्तात उणिवा आहेत. निवासाची तजवीज एकत्र न झाल्याने काही पाहुण्यांना वसतिगृहात, काहींना गृहस्थांच्या माडीवर उतरावे लागले, सकाळच्या गरम पाण्याला विलंब होतो आणि मागील रांगांना पडदा नीट दिसत नाही. या सर्व गैरसोयींची जबाबदारी माझी असून त्याबद्दल मी मनःपूर्वक क्षमा मागतो. मात्र ज्यांनी आपल्या खोल्या रिकाम्या करून दिल्या ते गृहस्थ, रोजची भाजी विनामूल्य पाठविणारे मंडईतील व्यापारी, कार्यक्रमपत्रिका मजुरी न घेता छापून देणारे मुद्रक, वर्गणीची थैली स्वागतसमितीच्या हवाली करून नाव जाहीर न करण्याची अट घालणारे दाते, आणि स्थानकावर रात्रभर पाहुण्यांची वाट पाहत उभे राहिलेले महाविद्यालयीन स्वयंसेवक यांचे ऋण मी सभेसमोर कृतज्ञतेने नमूद करतो, आणि अध्यक्षमहाराजांना परिषदेचे कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.