जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. पण मुदतवाढीची नोंदणी न केलेल्या संगणकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं. विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पडदा, कळफलक, डिस्क सगळं धडधाकट असलेले कितीतरी संगणक ‘जुने’ ठरले आहेत. असा संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्स चालते का, हे जरूर पाहावं.

हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘जीएनयू’ प्रकल्पातली साधनं त्याला येऊन मिळाली. गाभा म्हणजे गाडीचं इंजिन. त्याभोवती पूर्ण गाडी बांधून देणारे अनेक गट आहेत, आणि अशा तयार गाडीला ‘डिस्ट्रिब्युशन’ म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा ही त्यातली परिचित नावं. आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाचं डिस्ट्रिब्युशन तयार केलं आहे. विंडोजची सवय असलेल्यांना ‘लिनक्स मिंट’ सोपं जातं. त्याच्या २२ व्या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत चालणार आहे. त्याला किमान २ जीबी मेमरी लागते. ४ जीबी असेल तर काम सुखाने होतं. पैसे पडत नाहीत.

प्रत्यक्ष बसवण्याचं काम तासाभराच्या आत होतं. खरी मेहनत त्याआधीची आहे, आणि नेमकी तीच टाळली जाते.

पहिलं काम, आपल्या फायलींची प्रत. मुलांचे फोटो, घराची कागदपत्रं, हिशेब हे सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून दोनचार फायली उघडून पाहा, मगच प्रत झाली असं समजा. विंडोजने डिस्कला कुलूप घातलेलं असेल, तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. आणखी एक खास मराठी अडचण आहे. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा दिसतो. असा मजकूर विंडोज हाताशी आहे तोवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

दुसरं काम, चाचणी. मिंटच्या संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची फाइल उतरवावी लागते. ती ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. ‘रुफस’ किंवा ‘एचर’सारख्या प्रोग्रॅमने लिहावी लागते. पेनड्राइव्हवर आधी काही असेल, तर ते पुसलं जातं. मग संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप, ज्या कंपनीची जी कळ असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडायचा. मिंट थेट त्यावरून चालू होतं. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, हे इथेच पाहून घ्या. पेनड्राइव्हवरून ते थोडं संथ चालेल, तेवढं गृहीत धरा.

सगळं जमलं की ‘इन्स्टॉल’वर टिचकी मारा. भाषा, कळफलक, वेळेसाठी कोलकाता, नाव आणि पासवर्ड हे प्रश्न सोपे आहेत. पण डिस्कबद्दलच्या प्रश्नापाशी थांबा. एक पर्याय विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवण्याचा असतो, म्हणजे एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं. दुसरा पर्याय पूर्ण डिस्क पुसण्याचा असतो. त्यात विंडोज जाते आणि फायलीही जातात. घाईत त्यावर ‘पुढे’ म्हणू नका. सुरुवातीला शेजाराचा पर्याय बरा. त्यासाठी डिस्कवर शंभर जीबी मोकळी जागा असली तर उत्तम.

बसवून झाल्यावर सगळे अपडेट घ्या. ‘टाइमशिफ्ट’ चालू करा. पुढे प्रणालीत काही बिघडलं, तर ती पूर्वीच्या स्थितीला नेता येते. मात्र तुमच्या फायलींची प्रत वेगळीच ठेवावी लागते. मग कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडून घ्या. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला असल्याने थोड्या सरावाने बोटं वळतात.

लिनक्स सर्वांच्या सोयीचं आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. दुकानाचे हिशेब टॅलीवर असतील किंवा कामासाठी फक्त विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम लागत असेल, तर त्या संगणकाला हात लावू नका. पण पत्र लिहिणं, इंटरनेट पाहणं, मुलांचा अभ्यास, गाणी, सिनेमा एवढंच काम असेल, तर त्यासाठी लागणारं लिबरऑफिस आणि फायरफॉक्स मिंटबरोबरच येतं. तेव्हा आधी प्रत, मग चाचणी, आणि शेवटी स्थापना हा क्रम सोडू नका. चाचणीत लिनक्स चाललं नाही, तर पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा चालू करा. तुमचं विंडोज होतं तसंच असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)