मधुमेही मांजराचा मलावरोध : घरी घ्यावयाची काळजी

(वडोदरा येथील मराठी भाषिक मार्जारपालकांसमोर एका पशुवैद्यकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकून सभागृहात काही चेहऱ्यांवर स्मित उमटले, ते माझ्या नजरेतून सुटलेले नाही. गाई-म्हशींचे दूध आणि कोंबड्यांचे लसीकरण यांविषयी बोलणाऱ्या माणसाने मांजराच्या कोठ्याविषयी तासभर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. परंतु दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात उंदीर मारण्यासाठी वावरणारी मांजर आणि आजच्या सदनिकेत पंधरा-सोळा वर्षे जगणारा, नसबंदी झालेला, दिवसभर सोफ्यावर निजणारा गलेलठ्ठ बोका यांच्या जीवनक्रमात मोठे अंतर पडले आहे. अशा बोक्यांना माणसांप्रमाणेच मधुमेह होतो. त्यांना दिवसातून दोन वेळा इन्सुलिनची सुई टोचणारी कुटुंबे याच शहरात आहेत आणि त्यांतील काही आज येथे उपस्थित आहेत.

सुई टोचावयास ही मंडळी शिकतात. परंतु मांजरास दोन दिवस शौचास झाले नाही की घरातील वडीलधारी माणसे आपल्या अनुभवाचा बटवा उघडतात, आणि घात होतो तो तेथे. मला आज मुख्यत्वे एवढेच सांगावयाचे आहे की, मधुमेही मांजराच्या पोटात जे जे जाते, त्या प्रत्येक गोष्टीचा संबंध त्याच्या सुईशी असतो. मलावरोधावरील उपायही त्यास अपवाद नाहीत.

प्रथम हा मलावरोध होतो कसा ते पाहू. रक्तातील साखर एका मर्यादेपलीकडे, म्हणजे मांजरात दर शंभर मिलिलिटर रक्तामागे साधारण अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅमच्या वर गेली, म्हणजे ती मूत्रावाटे बाहेर पडू लागते आणि जाताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. मांजर सारखे पाणी पिते, तरीही शरीर कोरडेच राहते. अशा वेळी मोठे आतडे मलातील पाण्याचा अंश न् अंश शोषून घेते आणि खडा तयार होतो. मूत्राबरोबर पोटॅशियमही निघून जाते. ते घटले की आतड्याच्या स्नायूंची हालचाल मंदावते. वयस्क मांजरात मूत्रपिंडाचा विकार जोडीला असेल तर कोरडेपणात आणखी भर पडते. शिवाय दीर्घकाळ आटोक्यात न राहिलेला मधुमेह मज्जातंतूंना इजा करतो. मांजर मागच्या पायांच्या टाचा जमिनीस टेकवून चालू लागते, हे आपणांपैकी काहींनी पाहिले असेल. ज्याला धड उभे राहता येत नाही, त्याला कुंथण्यासाठी नीट बसता तरी कसे येणार? म्हणून वारंवार खडा होत असेल तर पहिला संशय आहारावर घेण्याऐवजी साखर आटोक्यात आहे की नाही यावर घ्यावा.

येथे वडोदऱ्याच्या उन्हाळ्याचा उल्लेख करणे भाग आहे. मे महिन्यात येथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावयाचे असते; बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर गोठून निकामी होते आणि खिडकीतील मेजावर विसरले तर उष्णतेने त्याचा गुण उतरतो. तहान वाढली, लघवी वाढली आणि त्याच आठवड्यात खडे होऊ लागले, तर जुलाबाच्या औषधाकडे वळण्यापूर्वी इन्सुलिनची कुपी कोठे ठेवली होती याची चौकशी करावी.

आता पाण्याविषयी. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला, अन्नातील धरून, सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी लागते. मांजर हे मूळच्या रुक्ष प्रदेशातील प्राण्याचे वंशज असल्यामुळे त्याची तहान बेताची असते. भक्ष्याच्या मांसातूनच पाणी मिळविण्याची त्याची प्रकृती आहे. कोरड्या दाण्यांत पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास, तर डब्यातील किंवा पाकिटातील ओल्या खाद्यात तो पंचाहत्तर ते ऐंशी टक्के असतो. तेव्हा दाण्यांवरून ओल्या खाद्यावर येणे हा मलावरोधावरील उत्तम उपाय होय. ओल्या, मांसप्रधान खाद्यात पिष्टमय पदार्थही कमी असल्यामुळे मधुमेहासही तेच हितकर असते.

मात्र येथेच सावध राहावे. पिष्ट कमी झाले की इन्सुलिनची गरजही, कधी कधी फार झपाट्याने, कमी होते. काल जी मात्रा योग्य होती, तीच नव्या आहारावर अधिक होऊन मांजराची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून खाद्य बदलण्यापूर्वी पशुवैद्यकास कळवावे, बदल आठवडा-दहा दिवसांत हळूहळू करावा आणि त्या काळात साखर अधिक वेळा तपासावी. खाद्य बदलले आणि मात्रा तीच ठेवली, असे होता कामा नये.

शाकाहारी कुटुंबांची अडचण मी जाणतो. दूध-पोळी, खिचडी, बिस्किटे यांवर मांजर वाढविणारी घरे येथे पुष्कळ आहेत आणि त्यामागे मायाच आहे. परंतु मांजर हे पूर्णतः मांसाहारी जनावर होय. टॉरिनसारखे घटक त्याला मांसातूनच मिळतात. घरात मांस शिजविणे मान्य नसेल तर तयार ओले खाद्य वेगळ्या भांड्यातून द्यावे. ज्यांच्या घरी कोंबडी शिजते, त्यांनी ती उकळलेले पाणी, कांदा-लसूण व मीठ न घालता, थंड करून द्यावे. कांदा-लसूण मांजरास विषारी आहेत. केवळ उकडलेली कोंबडी मात्र कायमचा आहार म्हणून पुरी पडत नाही. पाण्याची उथळ, पसरट भांडी दोन-तीन खोल्यांत, खाद्यापासून व शौचाच्या जागेपासून दूर ठेवावीत.

चोथ्याच्या बाबतीत गुजरातेत राहणाऱ्यांना दूर जावयास नको. ज्याची भुशी जगभर जाते तो इसबगोल याच राज्यात पिकतो आणि ऊंझा-सिद्धपूर भागात त्याचा मोठा व्यापार चालतो. पशुवैद्यकाच्या संमतीने पाव चमचा भुशी भरपूर पाण्यात भिजवून, फुगल्यावर ओल्या खाद्यात कालवून द्यावी व परिणाम पाहून मात्रा ठरवावी. डब्यावरील मजकूर वाचावा. चवीच्या इसबगोलात साखर घातलेली असते. आधीच कोरड्या पडलेल्या मांजरास कोरडी भुशी देणे म्हणजे आतड्यात आणखी एक बोळा भरणे होय. उकडलेल्या लाल भोपळ्याचा चमचाभर गर, अर्थात गूळ-साखरेवाचून, चालतो. परंतु वाटीभर भोपळा म्हणजे पिष्टाची भर, हे विसरू नये.

आता बटव्यातील वस्तू. गरम दुधात तूप हा आपला आवडता उपाय. दुधातील शर्करा मधुमेह्यास अनिष्ट, बहुतेक प्रौढ मांजरांस ती पचतही नाही, आणि मधुमेही मांजरात स्वादुपिंडाचा दाह पुष्कळदा आढळत असल्याने तुपाचा भार त्याच्यावर टाकू नये. भिजविलेल्या मनुका साखरेने भरलेल्या असतात. शिवाय द्राक्षे व मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडांस घातक ठरतात हे ज्ञात असताना मांजरावर त्यांचा प्रयोग नकोच. एरंडेल देऊ नये. पातळ पॅराफिन तोंडावाटे ओतणे फार धोक्याचे आहे. त्यास चव नसल्याने मांजरास गिळल्याची जाणीव होत नाही आणि ते फुप्फुसात उतरते. तान्ह्या मुलांसाठी विड्याच्या पानाचे देठ तेलात बुडवून वापरण्याची रीत आहे, तीही मांजरावर करू नये. आतड्याचे अस्तर नाजूक असते आणि जनावर झटापट करते.

औषधांच्या दुकानात मिळणारा फॉस्फेटयुक्त एनिमा मांजरास कदापि देऊ नये. त्याने रक्तातील क्षारांचा समतोल इतका बिघडतो की मांजर काही तासांत दगावू शकते. लॅक्टुलोज हे मांजरांसाठी नेहमी लिहून दिले जाणारे पातळ औषध. परंतु त्यात अन्य शर्करांचा अंश असतो व साखर वाढू शकते, म्हणून मधुमेह असल्याचे सांगूनच ते घ्यावे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल ३३५० ही पूड पाण्यात विरघळते, आतड्यातून विशेष शोषली जात नाही आणि मलात पाणी धरून ठेवते. अशा रुग्णांत पुष्कळ पशुवैद्यक तिला पसंती देतात. मात्रा त्यांनीच ठरवावी. घरी कातडीखाली सलाईन देण्यास कोणी शिकविले असेल तर डेक्स्ट्रोजची बाटली चुकून हाती येत नाही ना, हे दर वेळी पाहावे.

लंघन हे औषध ही आपली समजूत जुनी आहे. मांजरास ती लागू नाही. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साचून कावीळ होते. आणि मधुमेही मांजर उपाशी असेल तर सुईचे काय करावे? पोट फुगलेले मांजर जेवत नाही, मळमळते, ओकते; इकडे घड्याळात सुईची वेळ होते आणि नेमस्त गृहस्थ नेमाने पूर्ण मात्रा टोचतात. दोन-तीन तासांनी मांजर झोकांड्या देऊ लागते, थरथरते, त्याला झटके येतात. म्हणून मांजर जेवले हे डोळ्यांनी पाहावे, मग सुई हाती घ्यावी. जेवले नसेल तर पशुवैद्यकास दूरध्वनी करावा. ते भेटलेच नाहीत तर पूर्ण मात्रा देऊ नये, कारण एक वेळची सुई चुकण्यापेक्षा साखर उतरणे अधिक घातक आहे. झटके आलेच तर मध किंवा ग्लुकोजचे पाणी हिरड्यांवर चोळावे, घशात ओतू नये, आणि तात्काळ दवाखाना गाठावा. उलटपक्षी, जेवत नाही म्हणून दिवसच्या दिवस इन्सुलिन बंद ठेवणेही तितकेच वाईट. त्याने रक्तात आम्ल साचते व मांजर हाती लागत नाही.

शौचाच्या वाळूच्या ट्रेविषयी थोडे. मधुमेही मांजराची लघवी इतकी होते की ट्रे अर्ध्या दिवसात ओला होतो. स्वच्छतेचे वेड असलेले मांजर मग तेथे जात नाही, मल धरून ठेवते. दिवसातून दोनदा ट्रे साफ करावा, शक्य तर दोन ठेवावेत. मागचे पाय अशक्त असतील तर उंच काठाचा ट्रे निरुपयोगी. एका बाजूने काठ कापून दोन-तीन इंचांवर आणावा.

आणि ट्रेमध्ये कुंथणारा प्रत्येक बोका मलावरोधाचाच असतो असे नाही. लघवी अडलेला बोका अगदी तसाच बसतो, तसाच ओरडतो. तेथे इसबगोल भिजवीत बसण्यास सवड नाही. एक-दोन दिवसांत प्राण जातो. वाळूत ओला गोळा झालेला आहे की नाही, हे आधी पाहावे. नसेल तर रात्र असली तरी निघावे.

शौचास होऊन दोन दिवस उलटले, किंवा त्याआधीच ओकारी, अन्नत्याग, मरगळ अथवा रक्त दिसले, तर घरगुती उपाय थांबवावेत. साचलेल्या मलाने आतडे ताणून कायमचे सैल पडले तर पुढे औषधांचाही उपयोग होत नाही.

येताना एक वही आणावी. तीत रोजची सुईची वेळ व मात्रा, किती खाल्ले, किती पाणी प्याले, शौच केव्हा व कसे झाले आणि घरच्यांनी काय काय दिले, हे लिहिलेले असावे. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरावा. आजींनी दिलेले चमचाभर तूपही त्यात येऊ द्यावे, आम्ही कोणी रागावणार नाही. आता आपल्या शंका असतील त्या विचाराव्यात.