थोर साहित्याची कसोटी

साहित्यकृतीची थोरवी पारितोषिकाने ठरत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत धान घरी आले की मंडई-शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके रंगतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. प्रेक्षकांची मान्यता तिला कित्येक दशके आधीच लाभली होती. शेतमजूर तुटपुंज्या मजुरीतून तिकीट काढतो, म्हणून त्याच्या पसंतीला मोल आहे. तथापि मागणी म्हणजे मूल्य नव्हे, हा अर्थशास्त्रातील भेद येथेही पाळला पाहिजे. हुंड्यावरील वा सावकारीवरील नाटक रात्री रडवून पहाटे विसरले गेले, तर ती करमणूक. आपले दुःख दैवाने नव्हे, माणसांनी निर्माण केले आहे, ही जाणीव प्रेक्षकाबरोबर बांधापर्यंत गेली, तर ती कृती थोर.