साठा कमी झाला, भार कोणावर?



कोठारात माल साचणे म्हणजे भांडवल अडकून पडणे, हे कोणत्याही मुनिमाला ठाऊक असते. जपानमधील टोयोटा कंपनीने या व्यवहारज्ञानातून एक उत्पादनपद्धती उभारली. हवा तो भाग, हवा तेव्हा आणि हवा तेवढाच जागेवर यावा, हे तिचे सूत्र. किइचिरो टोयोडा यांनी ते १९३८ साली कोरोमोच्या कारखान्यात मांडले. ताइइची ओनो यांनी युद्धोत्तर काळात त्याला शिस्त दिली. पुढच्या विभागाकडून ‘कानबान’, म्हणजे मागणीची चिठ्ठी, आल्यावाचून मागच्या विभागाने एकही नग घडवावयाचा नाही.

या पद्धतीचा जन्म ज्या काळात झाला, तो काळ विसरून चालणार नाही. १९५० साली कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगारकपातीविरुद्ध मोठा संघर्ष झाला. अखेर दीड हजारांहून अधिक कामगारांना काम सोडावे लागले. किइचिरो यांनीही राजीनामा दिला. त्याच वर्षी कोरियाचे युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याकडून मालमोटारींची मागणी आली. थोड्या माणसांत अधिक उत्पादन, हा धडा तेथे पक्का झाला.

या पद्धतीत मानवी प्रतिष्ठेचा अंश आहे, हे टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. साकिची टोयोडा यांचा माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. त्याच न्यायाने दोष दिसताच दोरी ओढून अवघी साखळी थांबविण्याचा अधिकार साध्या कामगाराला मिळाला. ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु साठा म्हणजे निव्वळ उधळपट्टी नव्हे; त्यात कामगाराची उसंतही असते. दोन कामांमधला ढीग नाहीसा झाला की मागच्या माणसाचा वेग पुढच्याच्या अंगावर येतो. पत्रकार सातोशी कामाता यांनी १९७२ साली टोयोटात हंगामी कामगार म्हणून राबून त्या वेगाचे वर्णन लिहिले. २००२ साली याच कंपनीतील तीस वर्षांचा एक कामगार कामावरच कोसळून मरण पावला. त्याच्या पत्नीने न्यायालयात दाद मागितली. कारखान्यातील ‘स्वेच्छेची’ म्हणविली जाणारी गुणवत्ता मंडळाची कामे हेही कामच होय, आणि मृत्यू अतिश्रमाने झाला, असा निर्णय नागोयाच्या न्यायालयाने २००७ साली दिला.

साठ्याचा अभाव कंपनीलाही भोवला. फेब्रुवारी १९९७ मध्ये करिया येथील आइसिनच्या कारखान्याला आग लागली आणि ब्रेकच्या एका छोट्या झडपेवाचून टोयोटाचे जपानमधील उत्पादन काही दिवस जवळजवळ ठप्प झाले. २०११ च्या भूकंपानंतर तर कंपनीने पुरवठादारांना संगणकी चिपांसारख्या नाजूक भागांचा काही महिन्यांचा साठा ठेवावयास लावले.

म्हणजे चिपेसाठी साठा ठेवणे शहाणपणाचे ठरले! मग माणसाच्या दमासाठी राखीव जागा ठेवणे हीच तेवढी उधळपट्टी कशी? पट्ट्यावर बदली माणसे, जादा कामाला कठोर मर्यादा, हंगामी कामगाराला कायम नोकरीचा हक्क हा माणसांचा साठा आहे. दोरी दोषासाठी ओढता येते. थकव्यासाठीही ती ओढता आली पाहिजे. तो अधिकार कोणी बहाल करीत नसतो. तो संघटनेनेच मिळवावा लागतो.