कल



आयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत. मी आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलं, भाषणाची सवय नाही. म्हणून एकाच शब्दावर बोलतो. तो इथेच, नववी 'ब'च्या वर्गात शिकलो.

इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'आय ॲम इन्क्लाइन्ड टू अग्री', आणि मला उभं केलं. विज्ञानातलं 'इन्क्लाइन्ड प्लेन' मला पाठ होतं. मी ठोकून दिलं, 'मी तिरपा होऊन कबूल करतो.' वर्ग हसला. बाक वाजवणारे काहीजण आज समोरच बसलेत! सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "फार चुकला नाहीस. आपणही म्हणतोच ना, भिंत कलली, आणि मुलाचा कल गणिताकडे आहे?"

मग धडा बाजूला राहिला. सरांनी सांगितलं, लॅटिनमध्ये या शब्दाचं मूळ वाकणं, कलणं. डिक्लाइन आणि रिक्लाइन ही त्याचीच भावंडं. ग्रीकमध्ये 'क्लिने' म्हणजे आडवं व्हायची खाट. रुग्णाच्या खाटेशी जाणाऱ्या वैद्यावरून क्लिनिक आलं. 'क्लिमा' म्हणजे उतार. पृथ्वी विषुववृत्तापासून ध्रुवाकडे उतरत जाते या कल्पनेतून क्लायमेट. क्लायमॅक्स म्हणजे मुळात शिडी. आणि आपल्या संस्कृतातला 'श्रि' धातू याच कुळातला. त्यातून आश्रय, आणि आश्रयातून आपला आसरा.

त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले. घरात मी थोरला. शाळा सोडून गॅरेजात लागायचं ठरलं. सर घरी आले, आईला म्हणाले, "वहिनी, पोराचा कल यंत्रांकडे आहे, ते मलाही दिसतं. पण आधी दहावी होऊ द्या." दोन वर्षांची फी कोणी भरली, ते आईने मला नोकरी लागल्यावर सांगितलं.

पुढे बोरघाटात गाडी चालवली. १८६३ साली सुरू झालेला हा मार्ग. इंग्रजांच्या कागदांत त्याचं नाव 'भोर घाट इन्क्लाइन'. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण भरलेली गाडी एकट्या इंजिनाला ओढवत नाही. म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. डब्यातल्या माणसाला ती दिसत नाहीत. लोणावळ्याला ती सुटतात, गाडी पुढे पुण्याला जाते. मी कितीदा ती सुटताना पाहिली आणि सरांची आठवण झाली.

गेल्या आठवड्यात सरांना भेटून आलो. ते आज येऊ शकले नाहीत, खाटेवरच असतात. माझं नाव त्यांना आठवलं नाही. खिडकीपर्यंत जायचं होतं, तेव्हा माझ्या खांद्यावर कलून चार पावलं चालले. मी म्हटलं, "सर, इन्क्लाइन्ड." ते थांबले आणि म्हणाले, "तिरपा होऊन?"

मित्रांनो, त्यांचं घर इथून दहा मिनिटांवर आहे. जेवण झाल्यावर पाच-पाच जण जाऊन येऊ या. जास्त गर्दी नको.