घोड्याच्या पायाची जखम
(रेडिओवरील भाषण)

घोडेवाले मला एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, छातीला केवढं फाटलं होतं, मूठ आत जाईल एवढं. तेसुद्धा महिना-दीड महिन्यात भरून आलं. आणि पायाला ही एवढीशी जखम, तीन महिने झाले तरी उघडीच. असं का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर ज्याला नीट कळलं, त्याच्या हातून उपचारातल्या निम्म्या चुका होतच नाहीत. म्हणून आधी ते उत्तरच देतो.

घरी गेल्यावर आपल्या घोड्याच्या पायावरून, गुडघ्यापासून खुरापर्यंत, एकदा सावकाश हात फिरवा. कातडी लागेल, तिच्याखाली नळीचं हाड लागेल, आणि मागच्या बाजूला कठीण कंडरा लागतील, ज्यांना आपण नसा म्हणतो. मांस कुठेच लागणार नाही. मागच्या पायालाही बाकदार सांध्याखाली हीच स्थिती. मांस नाही म्हणजे रक्ताचा पुरवठा बेताचा. शिवाय कातडी हाडावर ताणून बसवलेली, चिमटीत धरायला सैलपणा नाही.

आता जखम भरते कशी ते पाहा. एक तर तिच्या कडा आत ओढल्या जातात आणि जखम आकसते. दुसरं म्हणजे कडेकडेनं नवी कातडी आत सरकत येते. छातीवर किंवा पुठ्ठ्यावर बरंचसं काम आकसण्यानं होतं, कारण तिथं ओढून घ्यायला सैल कातडी असते. पायावर ती नसते. उलट पहिले दहा-पंधरा दिवस पायाची जखम रुंदावते. मालक घाबरतो, औषध चुकलं म्हणतो. पण ते औषधामुळे नसतं, कातडीच्या ताणामुळे असतं. राहता राहिली सरकणारी कातडी. अंगावर ती दिवसाला साधारण ०.२ मिलिमीटर सरकते, पायावर सुमारे ०.०९ मिलिमीटर. चार सेंटिमीटर रुंदीची जखम नुसत्या या वेगावर सोडली, तर दोन्ही कडा मध्यावर भेटायला दोनशेहून जास्त दिवस लागतील. थोडंफार आकसणं होतं म्हणून प्रत्यक्षात वेळ कमी लागतो, पण हिशेब हाच.

यात घोडा आणि तट्टू असा फरकही आहे. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात जेसिंता विल्मिंक यांनी दोघांच्या जखमा शेजारी शेजारी ठेवून अभ्यासल्या. तट्टाच्या जखमेत सुरुवातीची सूज जोरात येते, पांढऱ्या पेशी झपाट्यानं गोळा होतात, घाण साफ करतात आणि सूज लवकर ओसरते. मोठ्या घोड्यात तीच सूज मंद असते, पण आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. म्हणून तट्टाची जखम जास्त आकसते, लवकर भरते. आपल्या डोंगरी ठाण्यांवर राबणाऱ्या लहान चणीच्या जनावरांना निसर्गानं दिलेली ही देणगी आहे. सारंगखेड्याच्या बाजारातून हौसेनं आणलेल्या उंच घोड्याला ती नाही. त्याच्या पायाला जास्त जपावं लागतं.

ही धुमसणारी सूजच पुढचं दुखणं आणते. जखम भरताना तळातून लाल दाणेदार मांस वर येतं. ते यायलाच हवं, कारण त्याच्याच पाठीवरून नवी कातडी सरकते. पण घोड्याच्या पायात या मांसाला थांबायचं कळत नाही. ते कातडीच्या पातळीच्या वर येतं, फुगतं आणि फुलकोबीच्या गड्ड्यासारखं बाहेर लोंबू लागतं. कडेची कोवळी कातडी हा डोंगर चढू शकत नाही. जखम तिथंच अडते.

इथं आपल्याकडे काय करतात? मोरचूद भरतात. कुणी कळीचा चुना लावतो, कुणी गाडीचं जळकं तेल, कुणी नुसतं फिनेल ओततो. मांस जळतं, काळी खपली धरते, दोन दिवस वाटतं गुण आला. पण त्या आगीत कडेची कातडीही जळालेली असते. दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शानं आलेली कातडी! महिन्याची कमाई एका चिमटीत जाते आणि जळलेल्या जागेची सूज पुन्हा नवं मांस वाढवते. पुन्हा मोरचूद. हे चक्र मी वर्षानुवर्षं चाललेलं पाहिलं आहे, आणि त्यात चांगली कामाची जनावरं कायमची लंगडी झालेली पाहिली आहेत. माझं स्पष्ट मत आहे, मोरचुदाला घोड्याच्या जखमेजवळ जागा नाही.

फाजील मांस कापायचं असतं. ते काम डॉक्टरांचं. या नव्या मांसात रक्तवाहिन्या भरपूर, पण संवेदनेचे मज्जातंतू नाहीत. त्यामुळे धारदार पात्यानं ते कातडीच्या पातळीला छाटलं तर जनावराला तिथं वेदना होत नाही. शांत जनावर समोरचं गवत चघळत उभं राहतं आणि पायावरून रक्ताची धार चाललेली असते. ती पाहून मालकाचे पाय लटपटतात. घाबरू नका. छाटणी खालून वर करतात, म्हणजे वाहतं रक्त पात्याच्या आड येत नाही. कडेची गुलाबी किनार सोडून देतात. आणि लगेच दाबून पट्टी बांधली की रक्त थांबतं. एकदा छाटून भागेलच असं नाही, पुन्हा करावं लागू शकतं. जखम फार मोठी असेल तर मानेच्या आयाळीखालची किंवा पोटाची कातडी बारीक टिकल्यांनी काढून त्या मांसात रोवता येते. कलमाची ही पद्धत साधी आहे, घोडा उभा असताना करता येते.

पण मुळात एवढी वेळ येऊ नये म्हणून पहिल्या तासाबद्दल बोलू. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथं मोटारींना बंदी आहे आणि दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसं-सामान घोड्यावर जातं, तिथं लाल माती, लीद आणि पाऊस एकत्र कालवलेले असतात. घोडा घसरला, गुडघा फुटला, की हे सगळं आत जातं. इतरत्र काटेरी तारेचं कुंपण असतं, पिछाडीच्या दोरानं खुराच्या वर पडलेला खोल काच असतो. जखम कशीही असो, पहिलं काम पाणी. एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड ते दोन लहान चमचे. पन्नास मिलिलिटरची सिरिंज, तिला १८ नंबरची सुई, आणि त्यातून जोरात फवारा. एक-दोन सिरिंज नव्हे, दोन-तीन लिटर पाणी जाऊ द्या. पोव्हिडोन आयोडीन घालायचं असेल तर दहा टक्क्यांच्या बाटलीतलं दहा मिलिलिटर एका लिटरला पुरे. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं दिसेल. दाट ओतलं तर जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या पेशीही मरतात. फेस येणारं हायड्रोजन पेरॉक्साइडही याच कारणासाठी नको. हळद, राख, चहापूड यातलं काहीच आत भरू नका. डॉक्टरांना ते आधी धुऊन काढावं लागतं.

धुताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. जखम सांध्याजवळ असेल आणि तिच्यातून पिवळसर, बुळबुळीत पाणी येत असेल, तर ते दोन बोटांत धरून बोटं अलग करा. तार धरली तर ते सांध्यातलं वंगण आहे. सांधा उघडा पडला आहे. मग जखम वरून नखाएवढी का असेना, त्याच दिवशी, शक्य तितक्या तासांत घोडा मोठ्या पशुरुग्णालयात पोचला पाहिजे. उद्या बघू म्हटलं तर सांधा सडतो, आणि सांधा सडलेला घोडा बहुधा वाचत नाही.

आता पट्टी. जखमेवर पॅराफिन लावलेली निर्जंतुक जाळी, तिच्यावर कापसाचा बोटभर जाड थर, त्यावर क्रेप पट्टी. कापसात कंजुषी करून पट्टी घट्ट आवळली तर ती कंडरेला काचते आणि जखमेपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं. पट्टी भिजली की बदला. ओली, चिखलानं माखलेली पट्टी ठेवण्यापेक्षा नसलेली बरी. "पट्टी बांधली की मांस जास्त वाढतं," असं जुने मोतद्दार म्हणतात, आणि ते खोटं नाही. म्हणून पट्टी किती दिवस ठेवायची आणि कधी सोडायची, हा निर्णय जखम पाहूनच घ्यावा लागतो. मांस वर येऊ लागलं की डॉक्टर काही दिवस स्टिरॉइडचं मलम देतात, त्यानं वाढ आवरते. तेच मलम मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणून पहिल्या आठवड्यात लावलं तर जखम भरणंच थांबतं.

आणि विश्रांती. सांध्यावरची जखम प्रत्येक पावलाला उघडते. मला ठाऊक आहे, घोडा उभा राहिला की त्या दिवशीची मजुरी बुडते आणि घोड्याचा खुराक मात्र चालूच राहतो. हंगामात तर हे फारच जड जातं. पण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पाय स्थिर राहिला तर पुढचे कित्येक महिने वाचतात. टाचेच्या किंवा सांध्याच्या काही जखमांना आम्ही प्लास्टर घालतो ते याचसाठी.

एवढं सगळं करूनही जखम अडली, तर इंजेक्शनं बदलत बसू नका. निरोगी दाणेदार मांस स्वतःच जंतूंना अडवतं. अडलेल्या जखमेला बहुतेक वेळा प्रतिजैविकाची उणीव नसते, आत काहीतरी कारण असतं. ते शोधा. तारेचा तुकडा, लाकडाचं कुसळ आत राहिलं असेल. हाड उघडं पडलं असेल तर त्याचा वरचा पापुद्रा मरून सुटतो आणि बारीक भोकातून पू येत राहतो. तीन-चार आठवड्यांनी एक्स-रे काढला की तो तुकडा दिसतो, तो काढल्याशिवाय जखम मिटत नाही. कधी ते फाजील मांस नसतंच, सारकॉइड नावाची गाठ असते. मांसाचा तुकडा तपासल्याशिवाय ते कळत नाही.

पावसाळ्यात आणखी एक. घोड्याच्या पोटातल्या जंताच्या अळ्या लिदीतून माशीत जातात आणि माशी ओल्या जखमेवर बसली की तिथं उतरतात. जखम खाजते, पसरते, आत पिवळे कणीदार खडे लागतात. याला बरसाती म्हणतात. इंग्रजी अमदानीतल्या लष्करी पशुवैद्यांनीही याच नावानं त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. यावर आयव्हरमेक्टिन चालतं, पण लीद रोज उचलून लांब टाकली नाही तर दुखणं पुढच्या पावसाळ्यात परत येतं. साचलेल्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या जनावरांना अशीच दिसणारी, त्याहून झपाट्यानं पसरणारी पिथियमची बाधा होते. तिला मात्र लवकर आणि रुंद शस्त्रक्रियाच लागते.

मागच्या पायाच्या आतल्या बाजूला एका ओळीत गाठी येऊन फुटत असतील, त्यातून चिकट पिवळसर पू येत असेल, तर हात लावू नका. ते ग्लँडर्स असू शकतं. २००६ साली या रोगानं महाराष्ट्रात पुन्हा डोकं वर काढलं होतं. तो माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. घोडा वेगळा बांधा, पशुसंवर्धन खात्याला कळवा. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात तपासला जातो. हे लपवणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि शेजारच्या तबेल्यातल्या जनावरांशी आणि माणसांशी केलेला घातही.

शेवटी धनुर्वात. त्याचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि पाळीव जनावरांत घोड्याइतका त्याला कुणी बळी पडत नाही. खिळा घुसल्याची किरकोळ जखमही पुरते. लस न टोचलेल्या घोड्याला जखम झाली तर लसीबरोबर त्याच दिवशी प्रतिविषाचं इंजेक्शनही लागतं. आधी चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस आणि मग दरवर्षी एक, एवढं केलं तर ती धावपळ टळते. ज्यांच्या घोड्यांना अजून लस मिळालेली नाही, त्यांनी या पावसाळ्याच्या आत आपल्या दवाखान्यात जाऊन ती टोचून घ्यावी. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे.